अमोलच्या जागी

१ सप्टेंबर, रविवार

ठरलं. डिसेंबरात मुळशी धरणाभोवती जी पन्नास किलोमीटरची शर्यत असते, ती मी पळणार.

नाव खरं तर अमोलचं होतं. माझा धाकटा भाऊ. हिंजवडीत कंपनीत होता आणि पहाटे उठून पळायचा. फेब्रुवारीत असाच पळायला गेला आणि ओढ्याच्या पुलापाशी डंपरनं उडवला. ॲम्ब्युलन्स ट्रॅफिकमध्ये अडकली. बाकी लिहीत नाही.

त्यानं शर्यतीत नाव आधीच घालून ठेवलं होतं. आयोजकांना फोन केला. ते म्हणाले, भावाच्या जागी भाऊ चालेल, फक्त डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा. डॉक्टर ओळखीचे आहेत. माझ्याकडे न बघता सही करतील.

मी आजवर पळालेलो नाही. पण शेतकऱ्याचं हाड आहे. जमीन विकून खोल्या बांधल्या आणि भाड्यानं दिल्या म्हणून हाड बदलत नाही.

सोबत निधी गोळा करणार. आमच्या नांदे गावाला स्वतःची ॲम्ब्युलन्स, तिच्यावर अमोलचं नाव. पळता पळता समाजकार्य.

जेवताना घरात जाहीर केलं. बायको काही बोलली नाही. उज्वलाचा विरोध असला की भांडी वाजतात. आज वाजली नाहीत, म्हणजे पाठिंबा. वैष्णवी, अमोलची बायको, ताटावरून उठून आत गेली. भरून आलं असणार. त्यांची मुलगी अपेक्षा पाच वर्षांची आहे. ती म्हणाली, अप्पा, तू पण जाणार? म्हणालो, हो, मी पण.

आई म्हणाली, त्या रस्त्यानं ह्या घरातलं कुणी पळायचं न्हाई. आईचा स्वभावच तसा.

एकूण घर एकदिलानं मागे उभं आहे.

२ सप्टेंबर, सोमवार

अमोलचे शूज घातले. एक नंबर लहान आहेत. सैल होतील.

त्याचा निळा टी-शर्ट मागच्या पडवीत खुंटीला तसाच मळका लटकत होता. फेब्रुवारीपासून. एवढ्या बायका घरात, धुवायला कुणाला वेळ नाही. मीच बादलीत सर्फ घालून भिजवला, ब्रशनं घासला, वाळत टाकला. स्वावलंबन हा ट्रेनिंगचाच भाग.

वैष्णवी दोरीपाशी बराच वेळ उभी होती. टी-शर्टकडे बघत. इतका स्वच्छ निघेल असं तिला वाटलं नसावं.

संध्याकाळी पहिला रन. फाटकापासून पिठाच्या गिरणीपर्यंत. गिरणीवाल्यानं आत बसवलं, पाणी दिलं, आणि घाबरून विचारलं, कुणाला काय झालं का. म्हणालो, काही नाही, ट्रेनिंग.

५ सप्टेंबर, गुरुवार

पळालो नाही. विश्रांतीत स्नायू बनतात.

६ सप्टेंबर, शुक्रवार

आजही बनले.

९ सप्टेंबर, सोमवार

आजपासून सोमवारचा उपास. शर्यतीला शरीर आणि मन दोन्ही शुद्ध पाहिजे. साबुदाणा खिचडी दोनदा, बटाट्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे. उपासानं हलकं वाटतं असं लोक म्हणतात. मला झोप आली.

वरच्या मजल्यावर मृण्मयी म्हणून भाडेकरू आहे, आयटीतली. ती अमोलच्या ग्रुपमध्ये पळायची. तिनं मला गिरणीपाशी कठड्याला धरून उभं असलेलं पाहिलं. प्रेमानं म्हणाली, काका, आधी चालायला शिका, एक महिना नुसतं चाला. म्हणालो, चालणं आमच्याकडे कुणी शिकत नाही, शेतात जन्म गेला. ती हसली नाही. प्लॅन करून देते म्हणाली. मग म्हणाली, अमोलसारखं पळायचा प्रयत्न नका करू. मी म्हणालो, त्याच्यासारखं कशाला, त्याच्यासाठी पळतोय.

हे वाक्य चांगलं झालं. व्हिडिओत घेईन.

१५ सप्टेंबर, रविवार

आईनं जेवण सोडायची धमकी दिली. पळायचं न्हाई म्हंजे न्हाई. मी म्हणालो, आपण भैरवनाथाला विचारू, तो म्हणेल तसं. देवापुढे आई गप्प बसते.

नाथा गुरवाला कौल लावायला सांगितला. त्यानं देवाच्या दोन्ही अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं. थोड्या वेळानं डावीकडची पाकळी पडली. डावी म्हणजे नको. आईनं हात जोडले.

मी नाथाला विचारलं, डावी कुणाची? आपली की देवाची? देव आपल्याकडे तोंड करून उभा आहे. आपली डावी ती त्याची उजवी.

नाथा म्हणाला, एवढी वर्सं कौल लावतुया, आसं कुनी इचारलं न्हाई. मग तांब्या उचलता उचलता म्हणाला, तुमी ठरवूनच आलाय, मग देवाला कशापायी तरास.

म्हणजे देवाची हरकत नाही.

आई माझ्या आधीच घरी निघून गेली. रात्री येऊन कपाळाला अंगारा मात्र लावला.

२१ सप्टेंबर, शनिवार

आज अमोलचं भरणी श्राद्ध. गुरुजी दहाला येणार होते. मृण्मयीच्या प्लॅनमध्ये शनिवारी लांबचं अंतर. दोन्ही नीट बसत होतं. टाइम मॅनेजमेंट म्हणजे तेच. घोटावड्याच्या बाजूला गेलो. जाताना ठीक. येताना पायात गोळे आले, एका टपरीवर मीठ-साखरेचं पाणी घेतलं, मग वडापाव घेतला, मग लक्षात आलं की आज वडापाव चालत नाही, तोपर्यंत अर्धा झाला होता.

घरी पोचलो तेव्हा गुरुजी निघून गेले होते. त्यांना पुढे तीन घरं होती. पिंड चुलतभावानं ठेवले. पान गच्चीवर ठेवलं आणि कावळा लगेच आला म्हणे. कुणी काही बोलायच्या आत.

मी म्हणालो, चांगलंच झालं, म्हणजे अमोलची काही इच्छा मागे राहिलेली नाही. शर्यत सोडून.

उज्वलानं भांडी वाजवली.

६ ऑक्टोबर, रविवार

दिवसा ऊन फार. आता पहाटेच पळतो, अमोल ज्या वेळी जायचा त्याच वेळी, त्याच रस्त्यानं. त्याचं घड्याळ मनगटावर बांधतो. वैष्णवीकडे मागितलं होतं. तिनं आणून टेबलावर ठेवलं आणि गेली. इतका समंजसपणा आजकाल दिसत नाही.

आणखी एक गोष्ट लिहायला हवी. मी फाटक उघडतो तेव्हा तिच्या खिडकीत लाइट लागतो आणि ती गजांना धरून उभी राहते. मी परत येतो तेव्हाही तिथेच असते. मी आत आलो की लाइट बंद. रोज. एक दिवस चुकलेली नाही.

पाठीशी कुणी आहे या भावनेनं पाय उचलतात. आज पुलाच्या पुढे गेलो. पुलावर थांबत नाही. तिथे माझा स्पीड सगळ्यात चांगला असतो, घड्याळात दिसतं.

१३ ऑक्टोबर, रविवार

निधीसाठी व्हिडिओ केला. मृण्मयीनं मोबाइल धरला. ती म्हणाली होती, थोडक्यात बोला, अमोल कसा होता ते सांगा. मी सुरुवात केली आणि अमोल कसा होता तिथे आवाज बसला. ॲलर्जी आहे, रस्त्याची धूळ. म्हणून मग ट्रॅफिकवर बोललो. रस्तारुंदी, डंपर, नवे टॉवर, पाण्याचे टँकर. बरंच बोललो.

भावकीच्या, गावच्या, भाडेकरूंच्या, सगळ्या ग्रुपवर टाकला. प्रचंड प्रतिसाद. नुसते हात जोडलेले. एकानं वाढदिवसाचा केक टाकला, तो चुकून असावा.

पैसे लोक नंतर देतात. आधी मन तयार होतं.

२० ऑक्टोबर, रविवार

दादासाहेब चुलत्यांकडे गेलो. त्यांच्याकडे जमिनीचे पैसे आहेत आणि पांढरी मोठी गाडी आहे. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला. म्हणाले, सोमनाथ, ॲम्ब्युलन्स काय, देऊ की. पन ती बी त्याच ट्रॅफिकात हुबी ऱ्हाईल. तिला काय पंख हायेत का?

दूरदृष्टी नाही.

शेवटी म्हणाले, आमच्या आबांचं नाव वर टाकत असला तर बघू. अमोलचं खाली टाका, त्यो ल्हान व्हता.

विचार करून सांगतो म्हणालो. परतताना रिक्षा केली. पळत जायचं ठरवलं होतं.

उज्वला म्हणाली, वैष्णवीला आपल्या दोघांशी काही बोलायचंय. वैष्णवी माझ्याशी थेट बोलत नाही, मोठा दीर म्हणून मान ठेवते. म्हणालो, रविवारचा लांबचा रन झाला की बसू.

२८ ऑक्टोबर, सोमवार

लांबचा रन झाला. झोप लागली. बसायचं राहिलं.

उपास आहे. रताळी.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

यंदा आमच्याकडे दिवाळी नाही. आकाशकंदील नाही, तेलाची कढई नाही. पण शेजारपाजारचे डबे आणून देतात, रीत आहे. चकल्या, करंज्या, अनारसे. घरात कुणी हात लावत नव्हतं, म्हणून मी लावला. लांब पळणाऱ्याला साठा लागतो.

अपेक्षाला किल्ला करायचा होता. अमोल दरवर्षी तिच्याबरोबर करायचा, खंदक, बुरूज, आळीव पेरून हिरवळ, सगळं. मी म्हणालो होतो, मी करून देतो. मग पळायला गेलो. परत आलो तर तिनं एकटीनं अंगणात मातीचा ढीग केला होता आणि वर एक मावळा उभा केला होता. एकच. म्हणालो, बाकीचे कुठे? म्हणाली, पळायला गेले.

तिचा विनोद चांगला आहे. अमोलवर गेलीय.

माती मऊ होती म्हणून मी बुरूज करायला बसलो, पण गुडघा वाकत नव्हता.

१० नोव्हेंबर, रविवार

वैष्णवीचा भाऊ साताऱ्याहून आला होता. शांत माणूस. काही बोलायचं असावं असा चेहरा करून बसला होता, म्हणून मीच सुरुवात केली. त्याला ट्रेनिंगचा तक्ता दाखवला. हृदयाचे ठोके, चढाचं तंत्र, पायाच्या नखांचा प्रश्न. दोन नखं गेलीत, तीही दाखवली. व्हिडिओ पूर्ण दाखवला. तो मध्ये दोनदा म्हणाला, दादा, मी जरा वैष्णवीबद्दल. मी म्हणालो, तिचा फार आधार आहे.

जाताना त्यानं माझा हात हातात धरला आणि तसाच उभा राहिला. भारावला होता.

उज्वला म्हणाली, तो कशाला आला होता ते तरी विचारलं का? म्हणालो, भेटायला.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज थोडा गैरसमज झाला.

पहाटे रिह्याच्या खोऱ्यात गेलो. शर्यतीआधीचा शेवटचा मोठा रन. फोन घरी ठेवला, खिशात लागतो. परतताना गुडघ्यानं अंगच काढून घेतलं. एका बांधावर बसलो. भातकापणी चालली होती. एका म्हाताऱ्यानं बैलगाडी येईपर्यंत थांबवलं, चहा-भाकर दिली. बरं वाटलं. थंडी होती, ऊन कोवळं होतं, डुलकी लागली. मग गाडीतून मुख्य रस्त्याला आलो, तिथून कुणाच्या तरी टू-व्हीलरवर.

पुलाअलीकडे टू-व्हीलरवाल्यानं ब्रेक मारला. समोरून वैष्णवी येत होती. अनवाणी. अपेक्षा कडेवर, झोपेच्या कपड्यात. डोक्यावर पदर नाही, काही नाही. मागून उज्वला हाका मारत धावत होती. आई म्हणे अंगणातच खाली बसली होती, तिला उठवत नव्हतं.

मी हात हलवला. मी निळ्या टी-शर्टमध्ये. वैष्णवीनं मला पाहिलं आणि ती रस्त्यावर बसली. रडली नाही. नुसती बसली. डंपर हॉर्न देत थांबला तरी उठेना. उज्वलानं आणि मी धरून बाजूला घेतलं. अपेक्षा माझ्याकडे यायला तयार नव्हती.

मी सगळ्यांना शांतपणे समजावलं की गुडघा होता, चहा होता, डुलकी होती.

दुपारी उज्वलानं दार लावून घेतलं आणि मला बसवलं. म्हणाली, ती खिडकीत कशाला उभी राहते तुम्हाला ठाऊक आहे का? म्हणालो, प्रोत्साहन. म्हणाली, अहो, तुम्ही फाटक उघडून जाता आणि परत फाटक वाजेपर्यंत त्या पोरीचा श्वास अडकलेला असतो. त्या दिवशी ती झोपली होती. अमोल भाऊजी गेलेले तिला कळलंच नाही, लोकांनी उठवून सांगितलं. तेव्हापासून ती झोपत नाही. आणि तुम्ही त्याच वेळी, त्याच रस्त्यानं, त्याच कपड्यात. रोज.

निश्चय: उद्यापासून फोन बरोबर ठेवायचा.

२५ नोव्हेंबर, सोमवार

पळालो नाही. फोन चार्ज नव्हता.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

फोन चार्ज होता. पळालो नाही.

१ डिसेंबर, रविवार

आज वैष्णवी माझ्याशी बोलली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा थेट माझ्याशी. मी ओट्यावर गुडघ्याला शेक देत होतो. ती येऊन समोर बसली, उज्वलाला हाक न मारता.

म्हणाली, दादा, मी अपेक्षाला घेऊन साताऱ्याला जातेय. पतसंस्थेत नोकरी मिळालीय. पंधराला भाऊ टेम्पो घेऊन येईल.

म्हणालो, पंधराला शर्यत आहे.

ती म्हणाली, माहीत आहे.

मी तिला सांगितलं की घर तिचं आहे, वरची खोली तिच्या नावावर करून देतो, अपेक्षाला हिंजवडीच्या चांगल्या शाळेत घालू, ॲम्ब्युलन्सचं उद्घाटन तिच्याच हातून करायचं ठरलंय. सगळे मुद्दे नीट मांडले. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, तुम्ही वाईट नाही, दादा. कुणीच वाईट नाही. पण इथे रोज पहाट होते.

मी म्हणालो, पहाट तर साताऱ्यालाही होते.

ती थोडं हसली. खूप महिन्यांनी. मग म्हणाली, एक मागायचं होतं. तो टी-शर्ट द्याल का?

म्हणालो, धुऊन देतो.

म्हणाली, नको. पुन्हा नको. मी तो धुतला नव्हता, दादा. आदल्या दिवशीचा होता. त्याला त्यांचा वास होता.

मी आत जाऊन टी-शर्ट आणला. इतक्या वेळा धुतला होता की त्याला आता फक्त सर्फचा आणि माझ्या बामचा वास. तिनं घडी घातली आणि पदराखाली घेऊन गेली.

आज आणखी काही लिहीत नाही. ॲलर्जी.

६ डिसेंबर, शुक्रवार

विचार केला. शर्यत सोडता येणार नाही. सोडली तर अमोलचं काय? मृण्मयी म्हणाली, काका, या गुडघ्यानं पळू नका, शर्यत दरवर्षी असते. मी म्हणालो, श्रद्धा असली की गुडघा साथ देतो. मग भैरवनाथाला गेलो. कौल लावला नाही. नाथा म्हणाला, आज न्हाई इचारायचं का? म्हणालो, नको. नुसता बसलो. त्यानंही घंटा वाजवली नाही, बाजूला वाती वळत बसला.

प्लॅन असा. शर्यत पहाटे सुरू होते. मी लवकर संपवतो, दुपारच्या आत घरी. टेम्पो भरायला वेळ लागतोच. त्यांना निरोप देतो. मेडल अपेक्षाच्या गळ्यात घालतो. मेडल बघून वैष्णवी कदाचित थांबेल. निदान महिनाभर.

सगळं बसतंय.

१४ डिसेंबर, शनिवार

निधीचा शेवटचा आढावा. ॲम्ब्युलन्सचं टायरसुद्धा येणार नाही एवढा जमलाय. दादासाहेबांनी भर घातली आणि स्ट्रेचर घेतलं. चांगलं आहे, घडी होतं, चाकं आहेत. त्यांनीच नारळ फोडला. आबांचं नाव मोठ्या लाल अक्षरात. अमोलचं खाली, पेंटरला जागा पुरली नाही म्हणून शेवटचा ल चाकाच्या बाजूला गेलाय.

आज दत्तजयंती. महाप्रसादाच्या आमटीचं पातेलं जड होतं, पोरांनी ते स्ट्रेचरवर ठेवून देवळापर्यंत नेलं. म्हणजे उपयोग सुरू झाला.

वैष्णवीच्या खोलीत खोके बांधून झालेत. अपेक्षानं तिच्या सगळ्या बाहुल्यांना स्वेटर घातलेत. साताऱ्यात थंडी असते म्हणाली.

लवकर झोपतो.

१५ डिसेंबर, रविवार

सुरुवातीला उत्तम. धुकं, धरणाचं पाणी, ढोल वाजवून सोडतात. शेकडो माणसं. सगळी माझ्यापुढे गेली.

पहिल्या मोठ्या चढावर गुडघा गेला. चालायला लागलो. मृण्मयीनं शिकवलेलं चालणं. मग तेही होईना. एका वळणावर दगडावर बसलो. खाली पाणी होतं. मागे कुणी नव्हतं, पुढे कुणी नव्हतं. अमोल मला म्हणायचा, दादा, एकदा माझ्याबरोबर ये, पहाटे इतकं शांत असतं. मी म्हणायचो, पहाटे माणसानं झोपावं.

खरंच शांत होतं.

मागून शर्यतीची गाडी आली. आत बसलेल्या मुलीनं विचारलं, काका, पळणार आहात की येणार? म्हणालो, येतो. ब्लँकेट दिलं. गाडी हळूहळू सगळ्या अर्धवटांना गोळा करत गेली. मी घाईत आहे असं तिला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, सगळेच घाईत असतात, काका, बसा निवांत. सुरुवातीच्या जागी सोडलं, तिथून माझी गाडी काढली. पिरंगुटला ताम्हिणीकडची रविवारची सगळी गर्दी परतत होती. तास गेला.

अंगणात टेम्पोच्या चाकांच्या खुणा होत्या. आई ओट्यावर. म्हणाली, लई येळ थांबली बग पोरगी. टेम्पोवाला वराडत व्हता. गेली.

उज्वलानं भात वाढला. म्हणाली, सामान भरून केव्हाच झालं होतं. वैष्णवी निघेना. आयोजकांच्या नंबरवर फोन लावत बसली होती. तुम्ही शर्यतीची पुढची चौकी ओलांडली का, ओलांडली का. शेवटी कुणीतरी सांगितलं की सोमनाथ म्हणून आहेत ते आमच्या गाडीत बसलेत, ठीक आहेत, ब्लँकेट दिलंय. तेव्हा चप्पल घातली. आईंच्या पाया पडली आणि निघाली.

मी भात खाल्ला.

संध्याकाळी फोन आला. अपेक्षा होती. मागे गाडीचा आवाज, वैष्णवीचा आवाज, विचार विचार म्हणत होती. अपेक्षा म्हणाली, अप्पा, पोचलास?

म्हणालो, पोचलो.

तिनं मागे वळून सांगितलं, पोचला गं.

१८ डिसेंबर, बुधवार

पहाटे गजर नसताना जाग आली. उठून अंगणात आलो. फाटक उघडलं नाही.

आई चुलीपाशी पाणी तापवत होती. शेजारी पाट ओढून बसलो. मागच्या फेब्रुवारीपासून असा बसलो नव्हतो, वेळच नसायचा. आई जाळ सारखा करता करता म्हणाली, अमोल्या ल्हानपणी थंडीचा उठायचाच न्हाई. तूच त्याला पाठुंगळी घिऊन शाळंत सोडायचा. त्यो वाटंतच झोपायचा.

म्हणालो, हो.

म्हणाली, त्याची लाळ तुज्या शर्टाला. मास्तर हासायचं.

म्हणालो, हो.

मग ती बोलत राहिली. अमोलचं पहिलं बोट धरणं, त्याच्या कांजिण्या, बैलाच्या शिंगाला बांधलेला त्याचा रुमाल. एरवी मी उठून गेलो असतो. आज ऐकत होतो. मला वाटलं, मी नुसता ऐकतोय. उज्वला चहा घेऊन आली, कप खाली ठेवला, आणि पदरानं माझं तोंड पुसायला लागली तेव्हा मला कळलं.

आईनं पाणी उतरवलं नाही. उकळून उकळून अर्धं झालं.

मृण्मयी खाली आली होती. आम्हा तिघांना बघून परत जिना चढून गेली.

आज काही ठरवलेलं नाही.